माशाच्या डोळ्यात पडलेलं फूल

मामंजी,

तुमचं तेरावं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच किनाऱ्यावरच्या मुरबे गावची जानकीबाय दारात उभी राहिली. मला वाटलं, समाचाराला आली आहे. मी चटई टाकली, पाणी पुढे केलं. तिनं पाण्याला हात लावला नाही. काखेतलं गाठोडं सोडलं, त्यातली पोथीची वरची फळी माझ्यासमोर जमिनीवर ठेवली आणि म्हणाली, "बघ पोरी. माशाच्या डोल्यात फूल पडलंय."

फळी तुमची होती. तुमच्या हातून पुऱ्या झालेल्या शेवटच्या जोडीतली. मधोमध तुमचा मत्स्य, कपाळावर शिंग, शिंगाला बांधलेली सोनेरी दोरी आणि दोरीच्या टोकाला होडी. चारी कडांनी कुठेही न तुटणारी वेल. पण या सगळ्यावर दुधावर साय धरावी तसा पांढरट पापुद्रा आला होता. तांबडा रंग आजारी दिसत होता. आणि डोळ्यावर तो सगळ्यात दाट होता. माणसाच्या बुबुळावर पांढरं फूल पडतं आणि डोळा जातो, अगदी तसा.

"आंधला मासा घरात ठिवून माजा दामू दर्यात कसा जाल?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही. भांडायला आली असती तर मला सोपं गेलं असतं.

मला त्या पापुद्र्याचं कारण माहीत होतं. चपडीचं, म्हणजे किड्याच्या लाखेचं, रोगण दमट हवेत लावलं की त्यात ओल अडकते आणि ते पांढरं पडतं. एवढं तर मी तुमच्याशेजारी बसून बसून शिकले होते. मी तिला तसं सांगितलं. हवेतला ओलावा, आषाढातला पाऊस, रोगणाचा स्वभाव. ती ऐकत राहिली. शाळेतली मुलं ऐकतात तशी. मग म्हणाली, "ता खरा असंल. पन त्याला दिसत नाय ना?"

मी म्हटलं, "ठेवून जा. मी करून देते."

हे शब्द माझ्या तोंडून कसे गेले, मला अजून कळत नाही. ती वळून गेली आणि मी फळी उचलून उजेडात नेली. मामंजी, मी तुमच्या कामाला मदत केली, चिंचोके कुटले, खळ शिजवली, कुंचले धुतले. पण रोगणाचा बोळा मी आयुष्यात कधी हातात धरला नव्हता. तुम्हीही कधी दिला नव्हता, आणि मीही मागितला नव्हता. रोगण ज्यात विरघळवतात त्या स्पिरिटची मला भीती वाटायची, हे तुम्हाला ठाऊक होतं.

मी भित्री आहे हे तुम्हाला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं. माहेरी मासवणला रात्री दाराशी साप आला तरी माझी आई काठी घेऊन शांतपणे बाहेर जायची. मी त्याच घरातली. पण लग्न होऊन बोईसरजवळ कुंभवलीच्या चाळीत आले आणि कारखान्याचा भोंगा पहिल्यांदा ऐकला तेव्हा हातातलं पीठ तसंच घेऊन अंगणात पळाले. तुम्ही ओट्यावर बसून फळी घासत होतात. मान वर न करता म्हणालात, "गो, भोंगो वाजलो म्हणजे पोरांची जेवणाची सुट्टी. पळायचा असला तर ताट वाढूक पळ."

पुढे वारा फिरला की हवेत येणारा तो आंबूस, घशाला खवखवणारा वास. त्याचीही मला भीती वाटायची. आणि आपल्या एका खोलीत एका कोपऱ्यात पेटलेला स्टो, दुसऱ्या कोपऱ्यात तुमची स्पिरिटची बाटली. मी रेतीची एक बादली भरून मध्ये ठेवली होती. कोणी पाहुणा आला की तुम्ही त्याला ती बादली दाखवायचात. "आमच्या सुनेन घरात दर्याची पुळण आणून ठेवल्यान. आता फक्त नारळ लावायचे रवले." मी चिडायचे. पण तुम्ही ती बादली कधी हलवली नाहीत, आणि स्टो पेटलेला असताना बाटलीचं बूच कधी उघडलं नाहीत. तेव्हा मला वाटायचं, हे माझी थट्टा करतात. आता वाटतं, तुम्ही माझ्या भीतीचा मान ठेवत होतात.

तुम्ही सावंतवाडीचे चितारी. लाकडी खेळण्यांना प्लास्टिकनं खाल्लं, गंजिफांचे पत्ते खेळणारे उरले नाहीत, म्हणून मुलाच्या मागे बोईसरला आलात. इथं येऊन तुम्ही फक्त पोथीच्या फळ्या करायचात. पोथीची पानं सुटी असतात, शिवलेली नसतात. वर एक फळी, खाली एक फळी, आणि सगळं कापडात बांधलेलं. या दोन फळ्यांखेरीज त्या पानांना कुणाचा आधार नसतो, असं तुम्ही म्हणायचात. माझ्या बाबांनी मासवणच्या रानातून शिवणीचं लाकूड आणून दिलं की तुम्ही ते आधी नाकाला लावायचात. व्याही म्हणून त्यांच्याशी बोलायला तुम्हाला दुसरा विषय लागत नसे. दोघं ओट्यावर बसून लाकडाच्या गाठींवर बोलत राहायचे. एक मालवणीत, एक आमच्या बोलीत, आणि दोघांनाही सगळं कळायचं.

तुम्ही घरात होतात म्हणून मी पालघरला कॉलेजात जाऊ शकले. हे मी तुम्हाला सरळ शब्दांत कधी सांगितलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. लग्न झालं, सीमा झाली, आणि मला वाटलं आता संपलं. तुम्हीच फॉर्मचे पैसे यांच्या, सुरेशच्या, खिशातून काढायला लावलेत. मी सकाळच्या एस.टी.नं जायचे आणि सीमा तुमच्या मांडीशी. शेजारच्या वहिनी नळावर म्हणाल्या, "म्हातारा पोर सांभाळतो नि सून पुस्तकं मिरवते." तुम्ही ते ऐकलंत आणि तिथूनच उत्तर दिलंत, "वहिनीनू, माझ्या हातात कुंचलो असता तेव्हा ह्या पोर गप बसून बघता. तुमचो घोव तरी बसता काय इतको गप?" नळावरच्या सगळ्या हसल्या. वहिनीसुद्धा.

पदवीचा कागद आणला त्या दिवशी तुम्ही तो हातात घेतला नाहीत. "हात रंगाचे आसत," म्हणालात. दुरूनच बराच वेळ पाहिलात. मग विचारलंत, "ह्याच्यावर फळी होयी काय?" मी म्हटलं, नको, एकच तर पान आहे. आज वाटतं, हो म्हणायला हवं होतं.

त्याच कॉलेजच्या ग्रंथालयातून मी तुमच्यासाठी ते मोठं पुस्तक आणलं होतं. इराणपासून जपानपर्यंत लाखेच्या, रोगणाच्या पुस्तकफळ्यांची चित्रं त्यात होती. घरी न्यायची परवानगी नव्हती, पण तिथल्या बाईंनी माझ्याकडे पाहून एका रविवारापुरतं दिलं. तो सबंध रविवार तुम्ही भिंग लावून बसलात. जेवलात ते पण पान उघडं ठेवून. मी शब्दकोश घेऊन शेजारी. तुम्ही बोट ठेवाल ते मी मराठीत करून सांगायचं.

इराणच्या एका फळीवर गुलाब होता आणि त्याच्याकडे मान वळवून बसलेला बुलबुल. मी वाचून सांगितलं, बुलबुल म्हणजे प्रेम करणारा आणि गुलाब म्हणजे ज्याच्यावर प्रेम करायचं तो. तुम्ही भिंग त्या बुलबुलावर धरलंत. मग म्हणालात, "म्हणजे वाचणारो तो बुलबुल. आणि पुस्तक उघडला की गुलाब." पुस्तकात असं लिहिलेलं नव्हतं. पण शाळेत शिकवायला लागल्यापासून मी मुलांना तसंच सांगते. चीनच्या फळीवर करकोचे होते. मी म्हटलं, दीर्घायुष्याची खूण. "आमच्याकडे तसलो पांढरो पक्षी म्हणजे ढोंगी," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, तो बगळा, मामंजी. हा करकोचा. "मान तीच, पाय तेच. आयुष्य कसा वाढात?"

इराणी फळ्यांची आतली बाजूही चितारलेली होती. ते तुम्हाला मुळीच पटलं नाही. तुमच्या फळीची आतली बाजू नेहमी कोरी तांबडी. जी बाजू अक्षरांना लागते तिनं बोलायचं नाही. "माणूस पोथी सांगूक बसलो की बाकीच्यांनी गप रव्हायचा. फळीन पण."

आणि मग आपलं ते भांडण झालं, जे कधी मिटलंच नाही. ब्रह्मदेशातल्या फळ्यांचं पान आलं. काळ्या-तांबड्या जमिनीवर सोन्याची माणसं, सगळी हात जोडून पोथीकडे बघत असलेली. तुम्ही त्या चकाकीवर बोट फिरवून विचारलंत, ही कुठली लाख? मी वाचलं. ही किड्याची लाख नाही, झाडाचा चीक आहे. आणि ती वाळवण्यासाठी फळ्या ओलसर खोलीत, तळघरात ठेवतात. हवा कोरडी असली तर ती वाळतच नाही. जपानातही तसंच.

तुम्ही भिंग खाली ठेवलंत. "चुकीचा वाचलंस."

मी पुन्हा वाचलं. तेच निघालं.

"मग लिवणारो चुकलो. ओल्यात वाळता ती लाख? ओल्यात वाढता ता शेवाळ."

त्यानंतर दर पावसाळ्यात हा विषय निघायचा. कारण तुमचा नियम होता, दसऱ्याच्या आधी आणि होळीच्या नंतर रोगणाला हात लावायचा नाही. पावसाळ्यात फक्त घासायचं, खळ लावायची, चित्र काढायचं. भिंतीला ओल आली की मी म्हणायचे, "मामंजी, आपण जपानात असतो तर आता तुमचा हंगाम." आणि तुम्ही म्हणायचात, "जपानात असतंव तर माका सून पण जपानची गावती. ती गप बसता, म्हणतत."

जानकीबाय गेल्या चैत्रात आली. तिची पोथी नवऱ्याच्या हातची होती. तो दर श्रावणात ती वाचायचा. एका वर्षी तो दर्यातून परत आला नाही. बोटही नाही, माणसंही नाहीत. जुन्या फळ्या वाळवीनं खाल्ल्या होत्या, पानं तिनं नऊवारीच्या तुकड्यात बांधून आणली होती. तिचा दामू या वर्षी पहिल्यांदा तांडेल म्हणून, बोटीचा कारभारी होऊन जाणार होता. नारळी पौर्णिमेनंतर. त्याआधी श्रावणात पोथी वाचून व्हायला हवी होती आणि पोथीला फळ्या हव्या होत्या.

तुम्ही म्हणालात, मत्स्य काढतो. बुडणारे वेद त्यानंच वाचवले, पुस्तकावर पहिला हक्क त्याचा. तिला आनंद झाला. मासा काढायचा एवढंच तिनं ऐकलं होतं. मग चित्राचा कच्चा आराखडा बघायला आली तेव्हा तिनं बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं,

"आबा, या माशाच्या कपालात काय हाय?"

"शिंग."

"माशाला शिंग नसतं."

"ह्या माशाक असता."

"मी जन्म काढला मासं कापण्यात. पापलेटाला नाय, घोलीला नाय, दाढ्याला नाय. तुमी कोणता मासा बघितला?"

मी तोंडाला पदर लावून हसत होते. तुम्ही तिला शांतपणे गोष्ट सांगितलीत. प्रलय आला, सगळीकडे पाणीच पाणी, आणि एका होडीत जेवढं जगायचं होतं तेवढं भरलं. होडी वाहून जाऊ नये म्हणून तिची दोरी माशाच्या शिंगाला बांधली. मासा पुढे, होडी मागे. पाणी ओसरेपर्यंत त्यानं ती ओढून नेली.

जानकीबायनं वाद सोडला. तिनं त्या पेन्सिलीच्या दोरीवर बोट ठेवलं. "म्हंजी आमी माशामागं जातो तसा नाय. मासाच बोटीला घरी आनतो."

"तसाच."

"मंग दोरी जाड काढा," ती म्हणाली. "आनि डोले मोठे. त्याला लांबचं दिसाय होवं."

तुम्ही दोरी सोन्याच्या रंगात काढलीत आणि डोळा इतका मोठा की सुरेश म्हणाले, बाबा, हा मासा आहे की घुबड. चित्र ज्येष्ठात पूर्ण झालं. मी म्हटलं, आता कापडात बांधून देऊ, श्रावणात वाचू दे, दसऱ्याला परत घेऊन रोगण करू. तुम्ही हो म्हणालात. आणि आषाढात एका दुपारी मी शाळेतून आले तर खोलीभर स्पिरिटचा वास, बाहेर धो धो पाऊस, आणि तुम्ही बोळा फिरवताय.

मी ओरडलेच. "मामंजी, पावसात? तुम्हीच म्हणता ना, पावसात हात लावायचा नाही?"

तुम्ही हसलात. "तुझे जपानवाले वाळवतत ना ओल्यात? मग माका पण बघूक होया एकदा."

मी रागावले. मला वाटलं, जानकीबायला खूश करायला हे नियम मोडताहेत. मी म्हटलं, खराब होईल, तुमचंच नाव जाईल. तुम्ही बोळा फिरवत राहिलात. संध्याकाळी उठताना तुम्ही मांडणीला धरलंत, आणि थोडा वेळ तसेच उभे राहिलात. मी विचारलं, काय झालं? "पायाक मुंग्या इल्या." मी कणीक मळायला बसले.

मामंजी, ओट्याच्या पायऱ्या चढताना तुमचा श्वास लागायचा हे मला दिसत होतं. तुम्ही रात्री उशी उभी करून बसायचात हेही. मी डॉक्टरांचं नाव काढलं की तुम्ही हवेच्या वासाला शिव्या द्यायचात. मी एका गोष्टीला इतकी भीत होते की तिच्याबद्दल बोलण्याऐवजी रोगणाबद्दल भांडत बसले. आणि तुम्हीही त्याच गोष्टीला भीत होतात. दसरा तुमच्या वाट्याला आहे की नाही, याची तुम्हाला खात्री नव्हती. आपण दोघं एका खोलीत, एकाच भीतीसमोर बसून जपानच्या हवेवर वाद घालत होतो. फळ्या जानकीबाय घेऊन गेली त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. चहाचा कप हातात होता. सीमाला म्हणालात, जरा धर गो. तिनं कप धरला.

आता फळ्या परत आल्या होत्या आणि पौर्णिमा तोंडावर होती.

सुरेश म्हणाले, "नाक्यावरच्या सुताराला दे. तो रोज चपडी पॉलिश करतो. एका हातात साफ करील." बरोबरच होतं ते. मी फळ्या घेऊन नाक्यापर्यंत गेले. तो एका कपाटाच्या दाराला पॉलिश मारत होता, तोंडात विडी, मागे रेडिओ. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "ठेवा बाई, पॉलिश पेपरनं घासून वरून दोन हात देतो." पॉलिश पेपर ऐकलं आणि मी परत फिरले. तुमची सोन्याची दोरी कागदाएवढी पातळ होती.

पण घरी आल्यावर भीती दुप्पट झाली. तुम्ही असं बिघडलेलं रोगण दुरुस्त करताना मी पाहिलं होतं. फळी कोमट करायची, आत अडकलेली ओल बाहेर काढायची. मग मलमलीचा बोळा स्पिरिटला नुसता टेकवायचा आणि रोगणावरून हलक्या हातानं फिरवायचा. वरचा थर विरघळतो आणि पुन्हा काचेसारखा बसतो. बोळा ओला झाला तर सगळं रोगण सुटतं आणि खालचा रंग पसरतो. बोळा एका जागी थांबला तर चिकटतो आणि तिथलं चित्र उपटून येतं. पाहणं आणि करणं यात किती अंतर असतं, हे मी मुलांना शाळेत नेहमी सांगते. मला ते सांगताना कधी घाम आला नव्हता.

दोन दिवस पावसानं डोकं वर काढू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडीप मिळाली, कडक ऊन पडलं. आणि जानकीबाय आली. तिला घरी बसवेना. तिनं माझं तोंड पाहिलं आणि विचारलं, "तुला येतंय ना?"

मी खरं तेच सांगितलं. "मला येत नाही. मी पाहिलेलं आहे."

ती उंबऱ्याच्या आत आली. मग म्हणाली, "माज्या दामूला पन येत नाय. त्यानं बापाला बघितलंय." आणि पाय पसरून भिंतीला टेकून बसली. तीही माझ्यासारखीच भीत होती, आणि तिचा मुलगा तर पाण्यावर जाणार होता.

इस्त्रीत निखारे भरले, इस्त्री फळीपासून वीतभर वर धरून फिरवली. फळी हाताला कोमट लागली तेव्हा इस्त्री बाहेर अंगणात नेऊन ठेवली. स्टो बाहेर. उदबत्ती विझवली. सीमाला शेजारी पाठवलं. मग बाटलीचं बूच उघडलं. तो वास आला आणि मामंजी, मला वाटलं तुम्ही मोरीत हात धुऊन आता येताय. मला बसता येईना. जानकीबाय म्हणाली, "कर. नायतर ऊन जाल."

बोळा स्पिरिटला टेकवला, पिळला आणि तुमच्यासारखाच गालाला लावून पाहिला. "गार लागूक होयो, ओलो लागता नये," असं तुम्ही म्हणायचात. पहिल्यांदा ओला लागला. हवेत धरला. पुन्हा लावला. गार लागला.

फळीच्या कडेपासून सुरुवात केली. आठाच्या आकड्यासारखा हात, आतून बाहेर, बाहेरून आत. पहिल्या फेरीत काहीच झालं नाही. दुसऱ्या फेरीत वेलीचं एक पान ओल्यासारखं चमकलं. मला वाटलं रंग सुटला. पण नाही, ते साफ झालं होतं. पांढरा पापुद्रा हाताखालून मागे सरत होता. शेपूट आली, खवले आले, होडी आली. दोरीवरून मी बोळा आणखी हलका नेला. आणि मग डोळा. तिथे पापुद्रा जाड होता, जाईना. मला थांबून बोळ्यावर जोर द्यावासा वाटला. थांबले असते तर डोळाच बोळ्याला चिकटून आला असता. मी फिरवत राहिले, फिरवत राहिले, आणि एका फेरीत तो उघडला. काळा, मोठा, घुबडासारखा.

जानकीबाय पुढे वाकली. माशाकडे पाहिलं. "आता बघतोय," म्हणाली, आणि पदरानं स्वतःचे डोळे पुसले. "बस झालं. खालची राऊ दे. तिच्यावर कमलच हाय."

पण खालच्या फळीवरही पापुद्रा होता. तुम्ही ती तशी दिली नसती. बोळा पुन्हा भिजवला, गालाला लावला, फिरवायला घेतलं. ही सोपी होती. कमळ निघालं, वेल निघाली. आणि डाव्या कोपऱ्यात, वेलीच्या बाहेर, कडेला, तांबड्या जमिनीत एक अंगठा उमटलेला दिसला.

तुमचा. रोगण पुरतं वाळायच्या आत तुम्ही फळी उचलली होती. एकेक रेघ स्पष्ट होती. रंगानं भेगाळलेली, मधोमध जुन्या कापल्याची आडवी खूण असलेली. मी त्या अंगठ्याला वर्षानुवर्षं भाताचं ताट दिलं होतं. तुम्ही उभ्या जन्मात फळीवर बोट उमटू दिलं नाही. उमटलं तर सगळं रोगण उतरवून पुन्हा करायचात. "पोथी वाचणाऱ्याक माझो अंगठो कित्याक दाखवायचो?" आणि शेवटच्या फळीवर तुम्ही तो राहू दिलात. राहू दिलात की तुम्हाला दिसलाच नाही, की थांबायला दिवसच उरले नव्हते, मला कळायला मार्ग नाही.

जानकीबायनंही पाहिलं. "आबांचा?"

"हो."

"मंग ऱ्हाऊ दे त्याला."

माझा हात चालू होता. मी भोंग्याला भ्यायले, वासाला भ्यायले, स्पिरिटला भ्यायले. पण या अंगठ्याजवळून बोळा जाताना मला जी भीती वाटली तशी कधीच वाटली नाही. तुमचे कपडे वाटून टाकले होते. चष्मा सुरेशनी अस्थींबरोबर पाण्यात सोडला होता. तुमचा फोटो काढलेला नव्हता. तुमच्या देहाचं जे जगात उरलं होतं ते माझ्या बोळ्यापासून दोन बोटांवर होतं. ठेवावं की पुसावं, हे बसून ठरवायला सवड नव्हती; बोळा थांबला असता तर चिकटला असता.

मी बोळा त्याच्यावरून नेला. रेषा मऊ पडल्या. पुन्हा नेला. कापल्याची खूण गेली. जानकीबायनं माझ्या दंडावर हात ठेवला, पण ओढला नाही. आणखी एका फेरीनंतर तो कोपरा बाकीच्या फळीसारखाच झाला. तांबडा, सपाट, गप्प. तुम्हाला दाखवला असता तर नाव ठेवायला जागा सापडली नसती. मी उन्हात जाऊन बसले.

पोथी वाचून झाली, पौर्णिमा झाली, आणि दामूची बोट आज पहाटे गेली. जानकीबायचा निरोप होता, किनाऱ्यावर ये म्हणून. मी डोंगराकडची, मी कधी बोटी सुटताना पाहिल्या नव्हत्या. गेले. तिनं नारळ सोडला, आणि बोटी दिसेनाशा झाल्यावरही उभी राहिली. दामूला परत यायला अवकाश आहे. वारा थोडा वाढलाय.

मामंजी, तुम्ही भीत होतात हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मी तुम्हाला सांगते. मला भीती वाटते आहे.

तुमची,
वनिता